एक खोगीर, दोन पाठी

पुण्याच्या पूर्वेला, शहर विरळ होत जातं तिथे, एका छोट्या रायडिंग स्कूलच्या पागेत ओट्यावर एक काळं खोगीर उलटं करून ठेवलं आहे. ऑस्ट्रेलियन बनावटीचं, विंटेक कंपनीचं, सेकंडहँड. कातड्याचा त्यात पत्ता नाही, सगळं कृत्रिम. बैठक सतरा इंची. आधीच्या मालकानं सोबत एक कापडी पिशवीही दिली आहे. तिच्यात धातूच्या तीन रंगीत कमानी: पिवळी, काळी आणि लाल. चौथी, निळी, खोगिराच्या पोटात आधीच बसलेली आहे.

या कमानीला म्हणतात गलेट. प्रत्येक खोगिराच्या आत एक सांगाडा असतो; स्वारमंडळी त्याला ट्री म्हणतात. पूर्वी तो लाकडाचा आणि पोलादी पट्ट्यांनी मजबूत केलेला असे, आता बऱ्याचदा प्लास्टिकचाही असतो. त्याच्या पुढच्या टोकाला ही कमान असते. घोड्याची मान संपून पाठ सुरू होते तिथला हाडांचा उंचवटा, म्हणजे विदर्स, कमानीखाली येतो आणि कमानीचे दोन पाय त्याच्या दोन्ही उतारांवर टेकतात. नेहमीच्या खोगिरात ही कमान कायमची पक्की केलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं बेट्स घराणं १९३४ पासून खोगिरं बनवतं. त्यांच्या बेट्स आणि विंटेक या दोन्ही नावांच्या खोगिरांत कमान स्क्रू काढून बदलता येते. रंगावरून माप कळतं. पिवळी अरुंद, हिरवी तिच्याहून जराशी मोठी, काळी मध्यम, निळी मध्यमच्या वरची, लाल रुंद आणि पांढरी तिच्याहीपेक्षा रुंद.

पागा चालवणाऱ्या ताईंनी हे खोगीर घेतलं ते दोन जनावरं डोळ्यांपुढे ठेवून. एक आहे कुमैत रंगाचा थरोब्रेड, रेसकोर्सवरून निवृत्त झालेला. उंच विदर्स, अरुंद छाती, सडपातळ पाठ. दुसरी भीमथडी घोडी. ठेंगणी, गोल पोटाची, पाठ जवळजवळ सपाट. सकाळच्या बॅचला घोडा, संध्याकाळी लहान मुलांच्या बॅचला घोडी आणि मधल्या वेळेत कमान बदलायची, असा त्यांचा हिशेब.

पागेवर आठवड्यातून दोनदा येणाऱ्या निवृत्त रिसालदारांना हा हिशेब पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. त्यांची नोकरी जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत झाली. १९५३ साली संस्थानी रिसाल्यांमधून उभी राहिलेली ही भारतीय लष्करातली घोडदळाची रेजिमेंट; तिच्यात राजपूत आणि कायमखान्यांच्या बरोबरीनं मराठेही असतात.

“ताई, स्क्रू फिरवला की खोगीर बसलं, हे मला कुणी सांगू नये,” रिसालदार म्हणाले. “खोगीर घोड्यावर बसवायचं काम कारागिराचं. पाठ बघून, हात फिरवून, लोकर काढून-घालून. हे म्हणजे शाळेतल्या पोरांच्या हातात पाना दिल्यासारखं झालं.”

“साहेब, कारागीर आहे कुठे?” ताईंनी विचारलं. “आणि असला तरी त्यानं जानेवारीत बसवलेलं खोगीर ऑगस्टमध्ये बसेलच असं नाही. घोड्याची पाठ बदलते.”

ताईंच्या या म्हणण्याला आधार आहे. लिने ग्रेव्ह आणि सू डायसन या पशुवैद्यांनी इंग्लंडमध्ये खेळाच्या घोड्यांच्या पाठींची मापं वर्षभर दर दोन महिन्यांनी घेतली. काम, खुराक, ऋतू आणि स्वाराचं कसब यांप्रमाणे पाठीचा आकार बदलत राहतो, आणि तोही खोगीर नव्यानं तपासावं लागेल इतका, असं त्यातून दिसलं. रेसकोर्सवरून आलेल्या घोड्यात तर हा बदल कुणालाही दिसतो. शर्यतीसाठी हाडकुळा ठेवलेला घोडा वर्षभर शांत कामात राहिला की विदर्सच्या मागचे खळगे भरू लागतात.

रिसालदारांना हे नवं नव्हतं. “पाठ बदलते हे रिसाल्याला कुणी शिकवावं? मोहिमेवर घोडा वाळायचा. खोगिराखाली नमदा असायचा, घडीची कांबळ असायची. घोडा रोडावला की कांबळीची घडी बदलायची, जाड करायची. रोज संध्याकाळी खोगीर उतरवलं की पाठीवरून तळवा फिरवायचा. तेच आमचं गलेट.”

“म्हणजे जुळवून घेण्याची सोय तुम्हालाही लागत होतीच. फक्त ती कांबळीत होती, लोखंडात नव्हती.”

“लोखंडातही होती,” रिसालदारांनी स्वतःहून सांगितलं. ब्रिटिश लष्करानं १९१२ साली घोडदळासाठी युनिव्हर्सल पॅटर्नचा जो नमुना स्वीकारला, त्यात पोलादी कमानी बाजूच्या फळ्यांना फिरत्या सांध्यांनी जोडल्या होत्या. पाठीचा उतार असेल तशा फळ्या कलायच्या. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले होते. उपासमार, रोगराई आणि अतिश्रम ही मोठी कारणं. पण पाठीच्या जखमांनी निकामी झालेल्या जनावरांची संख्याही थोडी नव्हती. ज्या सैन्याला हजारो घोडे आणि हजारो खोगिरं यांची रोज जोडी लावायची आहे, त्याला घोड्यागणिक कारागीर परवडत नाही.

ताईंना हवा होता तो मुद्दा रिसालदारांनीच हातात दिला. पण त्यांनी लगेच पुस्ती जोडली: “तो सांधा घोड्याच्या चालीबरोबर आपोआप कलायचा. तुमची पट्टी माणूस निवडतो. निवडणारा चुकला की पट्टीही चुकली.”

कोणती कमान हा प्रश्न मात्र नंतरचा. जुनं खोगीर हातात आलं की आधी बघायचं, ते कमान बदलण्याच्या लायकीचं आहे का. इथे दोघांचं काडीइतकंही दुमत नव्हतं. रिसालदारांनी खोगिराचा मागचा उंचवटा पोटाशी टेकवला, पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढला. थोडी लवचीक हालचाल चालते. मध्येच मोडल्यासारखं दुमडलं किंवा आतून करकर आवाज आला तर सांगाडा तडकलेला आहे. मग त्यांनी कमानीचे दोन पाय आत-बाहेर दाबून पाहिले. तिथे काही हलता कामा नये. नंतर खोगीर मागून, डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिलं. दोन्ही बाजूंच्या गाद्या सारख्या उंचीच्या आहेत का, बैठकीची मधली रेघ सरळ जाते का. वर्षानुवर्षं जमिनीवरूनच, तेही डाव्या रिकिबीत पाय देऊन चढणाऱ्या स्वारांची खोगिरं डावीकडे पिळवटलेली सापडतात. पिळवटलेल्या सांगाड्यावर कुठल्याही रंगाची कमान चढवा, उपयोग शून्य.

ताईंनी तोवर तंग अडकवायचे पट्टे ओढून शिवण पाहिली, रिकिबीच्या दांड्यांची खिळणी पाहिली आणि गाद्या बोटांनी चाचपल्या. गादीत लोकर असेल तर गाठी झाल्यात का, फोम असेल तर तो बसलाय का. या खोगिराच्या गादीत हवेच्या उशा आहेत. हवा गेलेली उशी लगेच कळते. एका बाजूला बोट नुसतं खाली जातं, दुसरीकडे उसळी लागते. इथे दोन्हीकडे सारखीच उसळी होती.

“ठीक आहे,” रिसालदार म्हणाले. “जनावर चांगलं आहे.” खोगिराला ते जनावरच म्हणतात.

निळी कमान असताना खोगीर घोड्यावर टाकलं, अर्थात खाली कापड न घालता. पॅड घातलं की सगळे दोष झाकले जातात. खोगीर मानेकडे थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, ते आपोआप अडेल तिथे सोडायचं. ही जागा खांद्याच्या फऱ्याच्या मागे येते. घोड्याला माणसासारखं गळपट्टीचं हाड नसतं. खांद्याचा फरा नुसत्या स्नायूंनी धडाला बांधलेला असतो आणि पुढचा पाय पुढे पडला की त्याचं वरचं टोक मागे सरकतं. खोगीर फार पुढे आलं तर प्रत्येक पावलाला फरा कमानीच्या पायावर आपटतो.

खोगीर तिथे बसलं खरं, पण पुढून खाली गेलं. विदर्स आणि कमान यांच्यामध्ये जेमतेम एक बोट शिरत होतं. स्वार बसल्यावर तेवढंही उरलं नसतं.

“पिवळी घाला,” रिसालदारांनी फैसला केला. “अरुंद घोडा, अरुंद पट्टी. पुढून उचललं जाईल.”

“उचलण्यासाठी अरुंद पट्टी लावायची नसते, साहेब. आधी कागद.”

ताईंनी वाकवू तशी राहणारी लवचीक मोजपट्टी आणली. घोडा सपाट जमिनीवर, चारी पाय चौकोनात, मान नैसर्गिक उंचीवर असा उभा केला. मोतद्दारानं लगाम ढिला धरला. ताईंनी फऱ्याची मागची कड हातानं शोधली, तिच्यामागे दोन बोटं सोडून पट्टी विदर्सवरून दोन्ही बाजूंना खाली दाबून बसवली, अलगद उचलली आणि जाड पुठ्ठ्यावर टेकवून आतल्या कडेनं पेन्सिल फिरवली. पुठ्ठा रेषेवर कापला, की घोड्याच्या पाठीचा आडवा छेद हातात. तो त्यांनी परत घोड्यावर ठेवून पाहिला; डावीकडे बरोबर बसला, उजवीकडे जराशी फट राहिली. बहुतेक घोड्यांचे दोन खांदे सारखे नसतात. अशा वेळी माप मोठ्या खांद्याचं धरायचं आणि लहान बाजूला गादीत किंवा पॅडमध्ये भर घालायची. उलटं केलं तर मोठा खांदा चिमटीत सापडतो.

पुठ्ठ्याचा छेद त्यांनी एकेका कमानीत धरला. पिवळी मध्ये वर टेकण्याआधीच पायांपाशी घट्ट झाली. निळीचे पाय पुठ्ठ्यापासून सुटून बाहेर राहिले. काळीचे पाय रेषेला समांतर गेले. पाहायचा असतो तो हा कोन. दोन पायांमधलं अंतर त्याच्या मागून येतं. दोन कंपन्यांची ‘मध्यम’ मापं एकमेकांशी जुळत नाहीत, याचंही कारण हेच. इंग्लंडच्या थरोगुडची किंवा दुसऱ्या कुणाची कमान विंटेकमध्ये ठोकून बसवायच्या फंदात पडू नये.

कमान बदलणं हे त्यामानानं सोपं काम. खोगीर मांडीवर उलटं घ्यायचं. पुढच्या बाजूला गादी सांगाड्यापासून सोडवता येते. कुठल्या मॉडेलमध्ये ती चिकटपट्टीनं धरलेली असते, कुठल्यात स्क्रूनं. ती उघडली की रंगीत कमान समोर दिसते. तिचे स्क्रू काढायचे, कमान सरळ ओढून बाहेर घ्यायची, नवी तशीच सरकवायची. जुन्या खोगिरात इथेच अडतं. पुण्याच्या पावसाळ्यात ज्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, ते स्क्रू गंजून बसतात आणि घाईनं फिरवले की त्यांचं डोकं खरवडलं जातं. ताईंनी एका हट्टी स्क्रूवर तेलाचे दोन थेंब टाकून तो तसाच ठेवला आणि चहा होईपर्यंत हात लावला नाही. नवी काळी कमान बसवताना दोन्ही बाजूंचे स्क्रू आधी नुसत्या बोटांनी धरवले, मग आळीपाळीनं आवळले. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीला गेलं तर कमान तिरकी बसते.

काळी कमान घालून खोगीर परत घोड्यावर आलं. आता विदर्सवर तीन बोटं जागा होती. बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध आणि सपाट दिसत होता. ताईंनी हात सपाट करून गादीखाली पुढून मागे सरकवला; दाब सगळीकडे सारखा.

रिसालदारांना अजून पिवळी कमान सुटत नव्हती. “पिवळीनं चार बोटं मिळाली असती. जास्त मोकळं.”

“पुढे मोकळं आणि मागे?”

२००७ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकोणीस निरोगी घोडे ट्रेडमिलवर स्वारासह चालवले आणि दुडकी चालीनं पळवले. खोगिरं तीन, फरक फक्त सांगाड्याच्या रुंदीत. एक माप म्हणजे दोन सेंटिमीटर. खोगिराखाली दाब मोजणारी चटई होती. अपेक्षा अशी, की अरुंद खोगीर पुढे टोचेल. प्रत्यक्षात अरुंद खोगिराखाली दाब वाढला तो पाठीच्या मागच्या तिसऱ्या भागात. कमान पुढून उचलली गेली की बैठक मागे कलते, स्वार मागे ओघळतो आणि त्याचं वजन मागच्या टोकावर येतं. फार रुंद खोगिरांत मधल्या पट्ट्यातला दाब वाढला. दोन्ही परींनी वजन कमी जागेवर एकवटलं.

“म्हणजे पुढे उंच दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही,” रिसालदार स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून घोड्याच्या बाजूला उभं राहून बैठकीकडे बघू लागले. पुढचं त्यांनी मोठ्यानं सांगितलं: “बरोबर आहे. स्वार खुर्चीत बसल्यासारखा मागे बसलेला दिसला, पाय पुढे गेलेले दिसले, की आम्ही त्याला ओरडायचो. कधीकधी दोष खोगिराचा असणार.”

घोड्याचं असं निभावलं. घोडीनं मात्र वाद पुन्हा पेटवला.

ताईंनी तिच्या पाठीचाही छेद काढला होता. भीमथडी हा दख्खनचा जुना घोडा. धनगरांच्या स्थलांतरात ओझी वाहत आलेला, काटक, कमी खुराकात निभावणारा. अलीकडेच त्याची देशी जात म्हणून स्वतंत्र नोंद झाली आहे. या घोडीची पाठ रुंद आणि विदर्स बसका. छेद लाल कमानीत बरोबर बसला. लाल कमान घालून खोगीर तिच्यावर ठेवलं, पुढे दोन बोटं जागा मिळाली. ताईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

रिसालदारांनी काही न बोलता एक हात खोगिराच्या पुढच्या टोकावर आणि एक मागच्या टोकावर ठेवला. पुढे दाबलं की मागचं उचललं गेलं. मागे दाबलं की पुढचं. मग त्यांनी तंग आवळायला लावला आणि खोगीर बाजूला ढकललं; गोल पाठीवरून ते सहज सरकलं.

“तुमची पट्टी पुढे बरोबर आहे,” ते म्हणाले. “बाकीच्या खोगिराचं काय? याची तळरेघ वाकडी, हिची पाठ सपाट. मध्ये टेकतं, दोन्ही टोकं अधांतरी. खालची खाच बघा.”

उलट्या खोगिराच्या मधोमध, दोन गाद्यांमध्ये पुढून मागपर्यंत एक पन्हाळ असते. घोड्याच्या कण्याला मोकळीक मिळावी म्हणून ती ठेवलेली असते. तीन-चार बोटं रुंद असावी लागते. अनेक लोकांची गफलत इथेच होते, कारण बोलताना या पन्हाळीलाही गलेटच म्हणतात. कमान बदलल्यानं पन्हाळ रुंद होत नाही. सांगाड्याची तळरेघ बदलत नाही. बैठकीची लांबी बदलत नाही. सतरा इंची बैठकीचं हे खोगीर आखूड पाठीच्या घोडीवर मागे शेवटच्या, म्हणजे अठराव्या फासळीच्या पलीकडे जात होतं. त्यापुढच्या कमरेला फासळ्यांचा आधार नसतो, तिथे वजन चालत नाही.

“मागे थोडी भर घालता येते,” ताई म्हणाल्या. “गादीच्या खाली पाचर सरकवायची सोय असते. जाड पॅड आहे...”

“घाला. पाचरीवर पाचर, पॅडवर पॅड. नुसती खोगीरभरती होईल.”

हे ऐकून मोतद्दारही हसला. रिसालदार मात्र गंभीरच होते, कारण त्यांच्याकडे आता पक्का पुरावा होता आणि तो बाजारानंच पुरवला होता. कमान बदलता येईल अशी खोगिरं बनवणारेही एकच साचा विकत नाहीत. विंटेकचंच रुंद बांध्याच्या घोड्यांसाठी वेगळं मॉडेल आहे. थरोगुडकडे उंच विदर्ससाठी एक, ठेंगण्या-रुंद कॉबसाठी एक आणि साधारण बांध्यासाठी एक, अशी वेगवेगळी खोगिरं आहेत; आणि यांतल्या प्रत्येकात कमान बदलता येते. एका कमानीनं सगळं भागलं असतं तर हे साचे कशाला काढले असते?

ताईंनी थोडा विचार करून मान्य केलं. “म्हणजे कमान एकाच बांध्याच्या घोड्याला, त्याच्या अंगात होणाऱ्या बदलाला पुरते. बांधाच बदलला तर खोगीरच दुसरं.”

“आणि दुपारी स्क्रू काढायचा, संध्याकाळी घालायचा, हे तर नकोच. सहा महिन्यांत आटे झिजतील.”

ताईंनी हार मानली ती घोडीपुरती. कारागिराच्या मुद्द्यावर त्या मागे हटल्या नाहीत. इंग्लंडमध्ये वॉल्सॉल नावाचं गाव आहे. खोगिरांचा धंदा तिथे इतका मुरलेला, की गावच्या फुटबॉल संघाचं टोपणनावही ‘सॅडलर्स’. त्या देशात १९६६ पासून सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स आहे. ती खोगीर बसवणाऱ्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. फोन केला की असा माणूस मोजपट्ट्या आणि लोकर घेऊन पागेवर येतो. सांगाड्याची पुढची कमान पोलादी असेल तर काही कारागीर ती यंत्रात दाबूनही माप कमी-जास्त करून देतात.

“आपल्याकडे काय आहे? कानपूर आहे,” ताई म्हणाल्या. “जगभर खोगिरं पाठवतं. १८६० च्या दशकात सरकारनं तिथे लष्करासाठी खोगिरांचा कारखाना काढला, त्याच्याभोवती धंदा वाढला. कानपूरच्या खोगिरांना आज भौगोलिक मानांकन आहे. पण खोगीर बनवणारा कानपुरात आणि घोडा इथे. पाठीवर हात ठेवून खोगीर बसवून देणारा माणूस पुण्यात शोधून दाखवा.”

“एकेकाळी होते. पेशव्यांच्या पुण्यात जिनगरांची घरं होती. जीन बनवणं हाच त्यांचा धंदा.”

“होते. घोडदळ गेलं, मागणी गेली, ते दुसऱ्या कामांत गेले. आता सांगा, माझ्या हातात काय उरतं? एक पुठ्ठा, एक पाना आणि चार कमानी. कारागीर असता तर मी आनंदानं त्याला बोलावलं असतं. तो नाही म्हणून घोड्यानं काय वर्षभर चिमटीत चालायचं?”

रिसालदारांचा आक्षेप इथे थोडा नरमला, पण त्याची धार गेली नाही. त्यांचं म्हणणं असं, की कारागीर नाही म्हणून त्याचं काम नाहीसं होत नाही, ते मालकाच्या गळ्यात पडतं. मालकाला वाटतं, कमानीबरोबर ज्ञानही पिशवीत आलं. रेसकोर्सवरून आलेल्या घोड्यांच्या विदर्सपाशी पांढरे केस त्यांनी पाहिलेले आहेत. सततच्या दाबानं केसांची मुळं दुखावली की त्या जागी पुढे पांढराच केस येतो. “तो डाग पडतो तेव्हा कुणालाच दिसत नाही, दिसतो दोन-तीन महिन्यांनी,” ते म्हणाले. “मालकानं कमान बदलून सहा आठवडे झालेले असतात आणि तो म्हणतो, सगळं छान आहे.”

घामाच्या खुणांवरूनही त्यांचा असाच वाद झाला. खोगीर उतरवल्यावर ओल्या पाठीवर मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त पडला, असा ताईंचा अंदाज. रिसालदार म्हणाले, तिथे खोगीर टेकलंच नसेल तरीही ठिपका कोरडाच राहील. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. म्हणूनच नुसत्या घामावरून कमान निवडायची नाही. हात फिरवून घोडा कुठे कान मागे घेतो, कुठे पाठ दबवतो, हे त्याच्याबरोबर पाहायचं.

शेवटची परीक्षा स्वारीची. ताई काळ्या कमानीच्या खोगिरावर चढल्या, चढायच्या ओट्यावरून, खोगीर एका बाजूला ओढलं जाऊ नये म्हणून. आधी चाल, मग दुडकी, मग डावीकडे आणि उजवीकडे वर्तुळं. रिसालदार मागे उभे राहून घोड्याच्या शेपटीच्या रेषेत बघत होते. काही फेऱ्यांनंतर त्यांनी हात वर केला. खोगीर उजवीकडे सरकत होतं. फार नाही, दोन बोटं; पण प्रत्येक वेळी उजवीकडेच.

“उजवा खांदा लहान आहे,” ताई घोड्यावरूनच म्हणाल्या. “पुठ्ठ्यावर फट दिसली होती. पुढच्या उजव्या बाजूला एक पाचर घालते.”

“घालून बघा,” रिसालदार म्हणाले. “पण आधी उतरा आणि घोडा हातानं दुडकी पळवा. मला मागचा पाय बघायचाय.”

ग्रेव्ह आणि डायसन यांनीच २०१३ साली या गोष्टीवर लक्ष वेधलं होतं. खोगीर सतत एकाच बाजूला घसरत असलेल्या अनेक घोड्यांच्या मागच्या पायात बारीकशी लंगड होती, कधीकधी इतकी पुसट की स्वाराला जाणवतही नव्हती. घसरण बहुतेकदा जास्त लंगडणाऱ्या पायाच्या बाजूलाच होती. तपासणीसाठी पायाला भूल दिली की लंगड थांबायची, आणि तिच्याबरोबर खोगिराचं घसरणंही.

मोतद्दारानं घोडा सरळ रेषेत नेला आणि परत आणला. रिसालदारांना उजव्या कटीची उचल किंचित कमी-जास्त वाटली. ताईंना तसं काही दिसलं नाही. दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं आणि निर्णय तिसऱ्यावर सोडला. पशुवैद्य येऊन पाय पाहीपर्यंत घोड्यावर स्वार बसणार नाही. काळी कमान खोगिरात राहील. पुठ्ठ्याचा छेद तारीख घालून जपून ठेवायचा आणि दोन महिन्यांनी नवा काढून त्यावर धरायचा, हेही ठरलं.

घोडीसाठी दुसरं, रुंद बांध्याचं खोगीर लागेल हेही ठरलं, मात्र ते कुठलं यावर पुन्हा जुंपली. ताईंना कमान बदलता येणारंच हवं आहे, कारण पावसाळ्यात हिरवा चारा वाढला की घोडी आणखी रुंद होते. रिसालदारांच्या मते मुलांच्या बॅचसाठी सोळा इंची बैठकीचं, लोकर भरलेल्या गादीचं साधं कानपुरी खोगीर पुरे; ते घेतलं तर लोकर काढणं-घालणं ते स्वतः ताईंना शिकवतील. ताईंनी त्यांना विचारलं, शिकवायला किती महिने लागतील. रिसालदार म्हणाले, महिने नाहीत, वर्षं. तोवर घोडीला स्वाराविना लांब दोरीवर चालवायचं, एवढ्यावरच त्यांचं जमलं.